रसायन लावूनही मातीच्या भिंतीचे पोपडे दर पावसाळ्यानंतर का निघतात?

मातीच्या भिंतीला पाणी झिडकारणारे रसायन लावले, पहिला पावसाळा निर्धास्त गेला, दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोत्याच्या वर हात-दीड हात उंचीपर्यंत पापुद्रे सुटू लागले, घरमालकाने ते खरवडून पुन्हा तेच रसायन मारले आणि पुढच्या वर्षी आधीपेक्षा जाड पोपडे गळून पडले, ही तक्रार कोकणात आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना मातीची घरे बांधणाऱ्यांकडून वारंवार येते. बहुतेक वेळा दोष रसायनाच्या दर्जाला दिला जातो आणि आणखी महाग डबा आणला जातो. त्याआधी गळून पडलेला एक पोपडा हातात घेऊन नीट पाहावा, कारण अर्धे निदान त्यातच होते.

पोपड्याच्या बाहेरच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब टाका. ते शोषले न जाता तसेच राहिले, तर रसायन अजून शाबूत आहे. आता पोपडा उलटा करा आणि भिंतीवर त्याच्यामागे उघडी पडलेली माती बोटाने घासून पाहा. ती भुसभुशीत, किंचित ओलसर आणि जागोजागी पांढुरकी असेल, तर तिथे लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरलेला आहे. याचा अर्थ असा की, पाणी समोरून आत शिरलेले नाही. ते मागून, खालून किंवा वरून आले, रसायनाच्या थराला आतल्या बाजूने येऊन भिडले आणि तिथेच अडले. अशा भिंतीवर रसायनाचा आणखी एक हात देणे म्हणजे अडथळा अधिक खोल नेणे होय. पुढच्या वर्षीचा पोपडा जाड का निघतो, याचे कारण हेच आहे.

रसायन नेमके काय करते

बाजारात मिळणारी यातील चांगली रसायने सिलेन आणि सिलॉक्सेन या वर्गातील असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक हवेतील किंवा भिंतीतील थोड्याशा दमटपणाने उघडते आणि वाळूच्या कणांवरील तसेच चिकणमातीच्या पापुद्र्यांच्या कडांवरील हायड्रॉक्सिल गटांशी पक्के जोडले जाते, तर दुसरे, तेलासारखे टोक छिद्राच्या पोकळीकडे तोंड करून राहते. छिद्र बुजत नाही, फक्त त्याच्या आतल्या भिंतीचा स्वभाव बदलतो. अळवाच्या पानावर पाणी जसे पसरत नाही, तसे ते या छिद्रात पसरत नाही आणि केशाकर्षणाने आत ओढलेही जात नाही. छिद्रे मोकळी राहिल्यामुळे वाफ मात्र दोन्ही दिशांना जाऊ-येऊ शकते. मातीच्या भिंतीसाठी हा गुण फार मोलाचा आहे आणि ॲक्रिलिकच्या पातळ कातडीपेक्षा ही रसायने श्रेष्ठ ठरतात ती याच कारणाने.

पण या वर्णनातच मर्यादाही आल्या. मातीला यातून बळ मिळत नाही; भुसभुशीत भिंत रसायनानंतरही भुसभुशीतच राहते, फक्त भिजत नाही. दाबाखालचे पाणी अडत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर सुमारे पाच सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका दाब देतो, आणि असा वारा झडीसह आला की बारीक छिद्रे टिकाव धरतात. परंतु पोस्टकार्ड आत जाईल एवढी भेग असेल, तर तिच्या दोन्ही कडांना कितीही रसायन पाजले तरी पाणी आत जाते. एकदा आत गेलेले पाणी मग बाहेर पडताना फक्त वाफेच्या रूपाने पडू शकते, आणि हा मार्ग संथ असतो.

तिसरी मर्यादा खोलीची आहे. सच्छिद्र वालुकाश्मात ही रसायने बऱ्यापैकी आत जातात. चिकणमाती जास्त असलेल्या दाट भिंतीत मात्र ती काही मिलिमीटरवरच थांबतात. त्यामुळे भिंतीचे दोन भाग होतात: बाहेर पाण्याला दाद न देणारी पातळ साल आणि आत पूर्वीसारखीच पाणी पिणारी माती. जमिनीतून चढलेली ओल विरघळलेले क्षार घेऊन बाहेरच्या बाजूला सरकते. रसायन नसलेल्या भिंतीत ती पृष्ठभागापर्यंत येते, तिथे सुकते आणि क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाहेर साचतात. ते केरसुणीने झाडता येतात आणि वर नवे सारवण करता येते. रसायन लावलेल्या भिंतीत हेच पाणी सालीच्या आतल्या कडेला थांबून तिथेच सुकते. क्षारांचे स्फटिक तिथे वाढतात, दर पावसाळ्यात विरघळतात आणि दर हिवाळ्यात पुन्हा धरतात, आणि प्रत्येक वेळी सालीला आतून रेटा देतात. त्यातच आतली माती भिजून फुगते व बाहेरची साल फुगत नाही, म्हणून दोघींमध्ये ताण निर्माण होतो. पोपडा या दोन्हींचा मिळून परिणाम असतो.

पाणी कोठून येते, हे जागेवरून ओळखावे

पोपडे जोत्यालगतच्या पट्ट्यात असतील, तर दोनच शक्यता राहतात: जमिनीतून चढणारी ओल किंवा पागोळ्यांचे उसळणारे शिंतोडे. शिंतोड्यांचा पट्टा बहुधा गुडघ्याच्या खाली राहतो आणि पागोळ्या जिथे पडतात तिथेच असतो. चढणारी ओल आतल्या खोल्यांच्या मधल्या भिंतींनाही धरते, जिथे पाऊस पोहोचण्याचा प्रश्नच नसतो. तेव्हा बाहेरच्या भिंतीबरोबर आतल्या भिंतींचे पायही तपासावेत. पोपडे भिंतीच्या माथ्याशी, वाशांच्या टोकांखाली असतील, तर कौल सरकले आहे किंवा भिंतीचा माथा उघडा राहिला आहे. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांपाशी असतील, तर खिडकीच्या पाटाला बाहेर उतार नाही. न्हाणीघराच्या मागच्या बाजूला असतील, तर कारण वेगळे शोधायला नको.

आणखी एक प्रकार लोकांना गोंधळात टाकतो: पाऊस नसतानाही, नुसती हवा दमट झाली की भिंतीवर गडद डाग उमटतात आणि ऊन पडले की जातात. हे क्षारांचे काम असते. मीठ आणि नायट्रेट हवेतली वाफ ओढून घेतात. जुन्या गोठ्याच्या जागी बांधलेल्या खोल्या, खतांची पोती वर्षानुवर्षे टेकून ठेवलेल्या भिंती आणि खाडीकाठची घरे यांत हे हमखास आढळते. अशा भिंतीला पाणी झिडकारणारे रसायन लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी क्षार कमी करावेत.

खात्री करून घेण्यासाठी एक साधी परीक्षा आहे. संशयित जागी दहा मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडताना दोन, पाच आणि दहा सेंटिमीटर खोलीवरची माती वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यांत गोळा करावी, लगेच वजन करावे, मग ती १०५ अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवून पुन्हा तोलावी. हीच कृती जमिनीपासून निरनिराळ्या उंचींवर करावी. खोल जाताना ओल वाढत असेल आणि वर जाताना घटत असेल, तर पाणी पायातून येते आहे. बाहेरची माती सर्वांत ओली आणि आतली कोरडी असेल, तरच समोरून येणाऱ्या पावसाचा दोष आहे, आणि रसायनाचा खरा उपयोग फक्त याच एका परिस्थितीत होतो.

आधी बांधकाम दुरुस्त करावे

रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही तिथे मातीच्या भिंतींची घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. त्यांना सिलेन ठाऊक नव्हते. जांभ्याचे उंच जोते, भिंतीपासून लांब आलेली वळचण, पावसाच्या तोंडाकडची पडवी आणि झडीच्या बाजूला पावसापूर्वी बांधलेली माडाची झापे, एवढ्यावर ते काम होत असे. आजच्या अनेक नव्या मातीच्या घरांत वळचण आखूड ठेवली जाते, भिंत जमिनीपासूनच मातीची उठवली जाते, आणि ही उणीव डब्यातले रसायन भरून काढील अशी अपेक्षा केली जाते. ती पुरी होत नाही.

म्हणून जोत्याभोवतीची माती खणून तिची पातळी घराच्या आतल्या जमिनीपेक्षा निदान वीतभर खाली न्यावी, बाहेर उतार काढावा आणि पागोळ्यांच्या रेषेत दगड-खडीची चर करावी, म्हणजे थेंब पडल्यावर उसळणार नाहीत. जोत्याला सिमेंटचा गिलावा केलेला असेल, तर तो काढून टाकावा, कारण खालून आलेली ओल त्याच्यामागे कोंडली जाऊन वरच्या मातीत चढते. हा धडा जगभर गिरवला गेला आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात रँचोस दे ताओस येथील कच्च्या विटांच्या जुन्या चर्चला १९६७ मध्ये सिमेंटचा कठीण गिलावा दिला गेला. त्याच्याआड ओल साठून विटा खराब होऊ लागल्याचे दिसल्यावर १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो उतरवण्यात आला, आणि आता गावातील लोक दरवर्षी एकत्र येऊन चर्चला पुन्हा मातीचा लेप देतात.

क्षारांसाठी त्यागाचा गिलावा करावा, म्हणजे माती, भरपूर वाळू आणि बारीक गवताचा भुसा यांचा सैल, सच्छिद्र थर खराब पट्ट्यावर चढवावा, एक पावसाळा आणि एक हिवाळा त्याला क्षार पिऊ द्यावेत आणि मग तो खरवडून घरापासून दूर टाकावा. तो जोत्याशीच टाकला तर क्षार पुन्हा तेच पाणी धरून वर चढतात. फार खारावलेल्या भिंतीला हे दोन-तीन वेळा करावे लागते. याला वेळ लागतो हे मान्य. पण यापेक्षा जवळचा रस्ता मला माहीत नाही.

आपली माती आणि आपले रसायन जुळते का

बांधकाम दुरुस्त झाल्यावरच रसायनाच्या निवडीकडे वळावे. कोकणातील जांभ्याची तांबडी माती कमी फुगते, तिच्यात केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडे असतात आणि सिलेन तिच्यावर बऱ्यापैकी बसते. पठारावरील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे फुगणारे खनिज असते, ज्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी थेट शिरते. तिथे कणांच्या बाहेरच्या बाजूवर बसलेले रसायन फुगणे पूर्णपणे थांबवू शकत नाही. ज्या मिश्रणात काळी माती आहे, त्याला आधी चुना देऊन शांत करावे लागते. चिकणमाती अधिक असेल तर चुना आणि वाळू अधिक असेल तर सिमेंट, हा दाबलेल्या विटांच्या कामातला सर्वमान्य नियम आहे. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल येथे साधारण पाच टक्के सिमेंटवर विटा केल्या जातात. अशा स्थिर केलेल्या विटेवर रसायनाची साल टिकण्याची शक्यता कच्च्या विटेपेक्षा कितीतरी जास्त असते, कारण आतली माती भिजली तरी फुगत नाही.

रसायनांमध्येही फरक आहेत. पोटॅशियम मिथाइल सिलिकोनेट स्वस्त पडते आणि पाण्यात मिसळून मारता येते. पण ते तीव्र अल्कधर्मी असते, हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्के होताना पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार मागे ठेवते आणि जास्त झाल्यास पांढरे डाग पाडते. आधीच लोणा धरलेल्या भिंतीत आणखी एक क्षार घालणे मला पटत नाही. भाजलेल्या विटांवर ते ठीक आहे. पाण्यात घोटलेले सिलेन-सिलॉक्सेनचे दुधाळ मिश्रण स्थिर केलेल्या विटांवर चालते, परंतु कच्च्या मातीवर त्यातले पाणीच पृष्ठभाग मऊ करते आणि रसायन आत जाण्याआधी चिकणमाती फुगून छिद्रे बंद होतात. कच्च्या भिंतीसाठी द्रावकात विरघळवलेला प्रकारच घ्यावा, मात्र आग आणि श्वास यांची पुरेपूर काळजी घेऊनच. इथाइल सिलिकेट हे या पंक्तीतले नाही, हे ध्यानात ठेवावे. ते मातीचे कण एकमेकांना जोडून बळ देते, पण पूर्ण पक्के झाल्यावर पाणी झिडकारत नाही. सुरुवातीचे काही आठवडे ते झिडकारल्यासारखे वाटते, आणि त्यावरून पुष्कळांची फसगत होते.

रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला न झिजणारा मातीचा गिलावा हा वेगळ्या वाटेचा उपाय आहे. त्यात डांबर आणि त्याच्या साधारण एक-पंचमांश रॉकेल यांचे पातळ मिश्रण, किंचित मेण घालून, भुसा मुरवलेल्या मातीतच कालवले जाते. इथे पृष्ठभागावर साल तयार होत नाही, गिलाव्याची सगळी जाडीच पाण्याला नकार देते. रंग काळपट येतो आणि काही दिवस वास राहतो, पण कमी खर्चाच्या बाहेरच्या भिंतीसाठी मी हा पर्याय आधी सुचवीन. विटेच्या मिश्रणातच पाणी झिडकारणारी भुकटी घालण्याचा मार्गही आहे. त्यात अडचण अशी की, अशा विटेला सांध्यातला माल नीट धरत नाही, म्हणून सांधा आधी तपासल्याशिवाय त्या मार्गाने जाऊ नये.

कोणतेही रसायन भिंतीला लावण्याआधी पुढील परीक्षा जरूर करावी. आपल्याच मातीच्या काही विटा घेऊन त्यांच्या चार उभ्या बाजूंना आणि माथ्याला रसायन लावावे, तळ मात्र तसाच सोडावा. रसायन पक्के झाल्यावर त्या विटा मिठाच्या पाण्यात, तळापासून दोन सेंटिमीटर बुडतील अशा, दिवसभर उभ्या ठेवाव्यात आणि नंतर पूर्ण सुकवाव्यात. हे चक्र पुन्हा पुन्हा करावे आणि शेजारी रसायन नसलेल्या विटांवरही तेच करावे. कच्ची वीट तळाशी विरघळू लागते, म्हणून तिच्याखाली पाण्याऐवजी मिठाच्या पाण्याने चिंब केलेली वाळू ठेवावी. रसायनाच्या विटेची साल सुटू लागली आणि साधी वीट फक्त पांढरी पडली, तर भिंतीवर पुढे काय होणार हे आपल्याला खर्च करण्याआधीच कळले. विक्रेते दाखवतात ती थेंब ओघळण्याची परीक्षा फक्त समोरच्या पाण्याची असते. नुकसान करणाऱ्या पाण्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

लावण्याची वेळ आणि रीत

भिंत ऑक्टोबरात कोरडी दिसते, पण आतून नसते. कोकणात फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंतचा काळ योग्य. सिमेंट घातलेल्या विटांना २८ दिवसांचा पक्केपणा आणि त्यानंतर सुकण्याचा पुरेसा अवधी मिळालेला असावा. सिलेन उडून जाणारे असते. कडक उन्हात तापलेल्या भिंतीवर मारले तर पुष्कळसा भाग मातीशी जोडला जाण्याआधीच हवेत जातो, म्हणून सकाळी लवकर किंवा सावली आल्यावर काम करावे. फवारा कमी दाबाचा ठेवून खालून वर जात, द्रव वीतभर खाली ओघळेल इतका भरपूर सोडावा, आणि दुसरा हात पहिला ओला असतानाच द्यावा. पहिला पक्का झाल्यावर दुसरा आत शिरतच नाही. सिलिकोनेट वापरत असाल तर काचा आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी झाकून घ्याव्यात, कारण ते दोन्हींना चरते. जोत्यालगतचा पट्टा, जिथे ओल चढण्याचा थोडाही संशय आहे, तो रसायनाशिवाय सोडावा आणि तिथे दरवर्षी मातीचे किंवा चुन्याचे लिंपण करावे.

पोपडे आधीच निघालेल्या भिंतीचे काम अधिक नाजूक आहे. रसायन लागलेल्या मातीवर नवी माती, चुना किंवा सारवण धरत नाही. गवंडी थापी मारतो आणि दुसऱ्या दिवशी थर सोलून येतो. म्हणून खरवडताना मधूनमधून ओल्या फडक्याने भिंत टिपावी आणि पाणी लगेच शोषले जाईल अशी माती लागेपर्यंत आत जावे. कडा आतल्या बाजूला रुंद होतील अशा कापाव्यात, म्हणजे नवा भराव अडकून राहील. भराव शक्यतो त्याच मातीचा, वाळू थोडी वाढवून, पातळ थरांनी करावा, आणि त्यावर रसायन देण्याआधी एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा.

पुढे दरवर्षी तपासताना एका गोष्टीने घाबरून जाऊ नये. उन्हामुळे अगदी वरच्या पृष्ठभागावरचे थेंब गोल राहणे वर्ष-दोन वर्षांत थांबते, तरी आतल्या काही मिलिमीटरमधले रसायन काम करत असते. खरी मोजणी शोषणाची करावी. खुणा केलेली काचेची नळी लांबीने (पुट्टीने) भिंतीला चिकटवून तिच्यात दहा सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावे आणि वीस मिनिटांत पातळी किती उतरते ते रसायन लावण्यापूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहावे. फरक अजून मोठा असेल, तर त्या वर्षी काहीही लावू नये. फरक नाहीसा झाला असेल, तर पुन्हा ड्रिलने ओल मोजावी, आणि दहा सेंटिमीटरवरची माती कोरडी आढळली तरच नवा हात द्यावा.